कामाची वेळ

नाव सिल्व्हिओ झानेत्ती, वय ५८ वर्षे, धंदा ऊसतोडणी यंत्रांची ठेकेदारी, रा. टार्लो क्रीक, उत्तर क्वीन्सलँड.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, माझ्याकडे तीन तोडणी यंत्रं आणि नऊ माणसं आहेत. सोळाव्या वर्षी मी स्वतः दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होतो. नेव्हिल प्राउट, वय ४४, हा अकरा वर्षांपासून माझा ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो.

दि. ८ जुलै रोजी नेव्हिलची पाठ धरली. मीच त्याला डॉ. केल्सी यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई मे महिन्यात मेलबर्नहून आलेल्या. प्रश्न नेव्हिलला होते, उत्तरं मी देत होतो. त्या म्हणाल्या, "पाठ कुणाची दुखतेय, तुमची की यांची?" मी म्हणालो, "पाठ त्याची, ट्रॅक्टर माझा." त्या हसल्या.

त्यांनी रात्री झोपताना घ्यायची गोळी दिली. गुंगी आठ-दहा तास राहते, तोवर काहीही चालवायचं नाही, असं बजावलं. मग कामावर जायचा दाखला लिहायला घेतला.

हंगामात आम्ही पहाटे चारला सुरू करतो. साखर कारखान्याच्या रुळावरचे उसाचे डबे वेळेत भरावे लागतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बाईंना ठाऊक नव्हतं.

दि. ११ जुलै रोजी सकाळी ५.५० वाजता, रुळाच्या फाटकाजवळ, नेव्हिलच्या ट्रॅक्टरची धडक श्रीमती बेरिल ट्रास्क, वय ६३, यांना बसली. त्या कुत्र्याला फिरवत होत्या. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. मी पोचलो तेव्हा नेव्हिल सीटवरच होता. "सिल्व्हिओ, माझे डोळे मिटले होते का रे?" एवढंच विचारत होता. कुत्रा सध्या माझ्या घरी आहे.

बेरिलबाईंच्या मुलाची तक्रार आहे की, कामाची वेळ न विचारता डॉक्टरांनी गोळी आणि दाखला दिला. त्यावर डॉक्टरबाईंचा परवाना जाऊ शकतो, असं मला समजलं. नेव्हिल काल मला म्हणाला, "मला काही आठवत नाही, असं सांगून आलोय. तूही विसर की लेका."

मला आठवतं. बाईंनी, "कामाला किती वाजता लागता?" असं नेव्हिललाच विचारलं होतं. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "सातला." नेव्हिलने माझ्याकडे पाहिलं. चार म्हटलं असतं तर दाखला मिळाला नसता, हे मला तेव्हाच कळत होतं.

जबाब मला वाचून दाखवला. "सातला" हा शब्द आहे ती ओळ मी पुन्हा वाचायला लावली. ती माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिली आहे.