मतपत्रिकेला कुंकू

खोटं वाटेल, पण अमेरिकेतली २००४ची अध्यक्षपदाची निवडणूक आमच्या बापटकाकूंमुळे अडली होती. सगळा देश ओहायोच्या मतमोजणीकडे डोळे लावून बसलेला, आणि ओहायोतलेच आमचे काका टीव्हीसमोर येरझाऱ्या घालत होते. "एकेक मत महत्त्वाचं आहे रे!"

काकू म्हणाल्या, "घोर कसला करताय? पोस्टात टाकण्याआधी तुमच्या मतपत्रिकेला मी कुंकवाचं बोट लावलंय. पत्रिका म्हटली की कुंकू नको?"

"कुठे लावलंस?"

"तुमच्या माणसाच्या नावापुढचा गोल तुम्ही काळाकुट्ट करून ठेवलेला. म्हणून शेजारच्या मोकळ्या गोलात लावलं."

काका किंचाळले, "अगं, दोन गोल भरले की मत बाद होतं!"

"बाद कसलं? आता कुणीही आला तरी आपलाच!"