टाकी भरल्याचा फोन

हसायचं तं हसा, पण घरी बीअर बनवणं सोपं नाही. जवावर हळूहळू गरम पाणी सोडावं लागते, अन् ड्रम भरला की पंप लगेच बंद. माह्या हातून दोनदा उतू गेलं. मुकुटबनचा मेकॅनिक रफिक माहा दोस्त. स्वतः थेंबभर पीत नाही, पण म्हणे, "लेवलचं माह्यावर सोड."

त्या साली कपाशी वाळली होती, विहीर आटली होती. 'पाणी नाही', 'टाकी भरली' असं फोन करून सांगणारा मोटरचा स्टार्टर वावरात नुसता लटकून होता. बाबा बाजारात गेलते. आम्ही तो काढून आणला अन् त्याच्या लेवलच्या तारा ड्रममध्ये सोडल्या. ड्रम भरला, पंप आपोआप थांबला.

"पण मले फोन काहून नाही आला?"

"त्यातला बाबाचा नंबर तूच बदलवला ना?" रफिक म्हणे.

"मले वाटलं, तू बदलवला."

तासाभरानं बाबा घामाघूम आले. ड्रममध्ये डोकावले, वास घेतला अन् खाटेवर बसले.

"दोन महिने हे मशीन 'पाणी नाही' सांगत होतं. आज म्हणते, टाकी भरली. मी आधी मारुतीले नारळ फोडला, मंग वावरात पळत गेलो."

बाबानं खिशातून खोबऱ्याचे तुकडे काढले अन् माह्या हातावर ठेवले.

"घे. चकण्याले होईल."