एकसष्ट नंबरचं रोप

काका : सव्वासात वाजता बघितलं. एकसष्टच्या खोडावर डाग आलाय.

बाई : चिखल असेल.

काका : पुसून बघितला, बाई. खाली साल मऊ लागतेय.

बाई : कसं शक्य आहे? चारशे रोपांना बुरशी टोचली, तीनशे नव्व्याण्णव मेली. हे एकटं तीन वर्षं उभं आहे. याला रोग लागत नाही, म्हणून तर याची कलमं केली आपण.

काका : याला टोचलंच नव्हतं मी.

बाई : काय?

काका : सगळ्यात उशिरा उगवलेलं. वाकडं, दोन पानांचं. चारशेच्या चारशे मी बियांपासून वाढवली, आणि तुम्ही म्हणालात, एकेकाला रोग द्या. दिला. याच्यापाशी आलो आणि हात धजावला नाही. म्हटलं, एकानं काय होतंय.

बाई : वहीत टोचल्याची खूण आहे!

काका : ती केली.

बाई : आणि तीन वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात?

काका : बाकीची मेली तेव्हा सांगायला आलो होतो. तुम्ही फोनवर आईला सांगत होतात, एक वाचलं म्हणून. हसत होतात.

बाई : माझ्यावर ढकलू नका. कलमं बांधताना तरी तोंड उघडायचं!

काका : तोवर माझाही विश्वास बसला होता. म्हटलं, खरंच लागत नसेल. कोण जाणे.

बाई : ते जाणायलाच टोचायचं होतं, काका! किती ठिकाणी गेली कलमं?

काका : अकरा. टेकडीवरही.

बाई : टेकडीवर या जातीची शेवटची चाळीस जुनी झाडं आहेत. बाहेरचं पानसुद्धा आत घेत नव्हते तिथले लोक. आपलं म्हणून घेतलं.

काका : मी जातो. उपटून आणतो.

बाई : याच बुटांनी? इथली बुरशीची माती घेऊन?

(बाई एकामागून एक फोन लावतात. काका दारातच उभे.)

काका : किती झाले?

बाई : दहा. उपटून जाळतो म्हणाले सगळे.

काका : आणि टेकडीवाले?

बाई : नुसती रिंग जातेय.

काका : अजून लावली नसतील कदाचित.

बाई : परवाचा निरोप आहे त्यांचा. जुन्या झाडांच्या मधोमध लावलीत. मोकळी जागा तेवढीच होती म्हणे.