वाढलं म्हणजे लागू पडलं

...आन् वर मलाच म्हणती, "वैजनाथा, वाढलं म्हणजे लागू पडलं!" आता तुमाला सांगतो, जगात असं कोणतं काम हाय का, जे बिघडलं की झालं म्हणायचं? उद्या विहिरीवरची मोटर जळली, तर मी काय पेढे वाटू? पण बोलणारी कोण, तर माझी माय, शकुबाई. तिच्यापुढं आमच्या अख्ख्या कुरुंदा गावात कोणी तोंड उघडत न्हाई, मी तर तिच्या पोटचा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हणसाल हा गडी मधूनच सुरू झाला. माझी पोरगी आरोही, दुसरीत हाय, तिला दमा. आता दमा काय असतो ते ज्याच्या घरात हाय त्यालाच ठाव. लेकरू खेळता खेळता एकदम गप होतं, खांदे वर जातेत, गळ्यापाशी खड्डा पडतो, आन् छातीतून बारीक शिट्टी येती. ती शिट्टी माझ्या कानात अशी बसलीय ना, घरात कुकरची शिट्टी झाली तरी मी ताडकन उठतो! बायको म्हणती, अहो बसा, डाळ हाय.

तर वसमतच्या लेकरांच्या डॉक्टरीणबाईनं पंप दिला. तोंडाला लावायचा, दाबायचा, वढायचा. झालं! माय म्हणली, पंप म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागला की जन्मभर सुटत न्हाई, आन् पोरीची जात, उद्या पाव्हणे बघायला आले आन् पोरीनं चहाच्या ट्रेसोबत पंप काढला तर? आहो, दुसरीत हाय पोरगी! बेचा पाढा येत न्हाई अजून, आन् हिच्या डोळ्यासमोर पाव्हणे! पण पंप गेला कपाटात, साड्यांच्या मागं. आन् आमची वरात निघाली होमिओपॅथीवाल्या प्रज्ञेश डॉक्टरकडं.

माणूस लय चांगला. हीच तर तकलीफ हाय! वाईट असता तर मी भांडलो असतो. बसवलं, पाणी दिलं, आन् घड्याळाकडं न बघता इचारत बसला. मुलगी डाव्या कुशीवर झोपते की उजव्या? मीठ जास्त लागतं का? अंधाराला भिते का? गरोदरपणी आईला राग यायचा का? पुनमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हळूच मायकडं बघितलं आन् म्हणली, यायचा थोडा. माय वर पंख्याकडं बघून राहिली. मी म्हणलं, साहेब, दम्याचं काय? तर म्हणला, मुळापासून काढू, पण आधी वाढेल बरं का, वाढलं म्हणजे औषध लागू पडलं, घाबरायचं नाही. मी म्हणलं, आन् न्हाई वाढलं तर? म्हणला, मग आतून काम चालू आहे. आन् कमी झालं तर? मग तर प्रश्नच मिटला!

बाहेर आलो, गाडीला किक मारली, आन् डोक्यात किडा वळवळायला लागला. वाढलं तरी लागू, थांबलं तरी लागू, कमी झालं तरी लागू... मंग लागू न्हाई पडलं हे कळायचं कसं? आँ? कुठून कळायचं? पण इचारायला परत गेलो न्हाई. मी काय डॉक्टर हाय का? न्हाई. पण लेकरू माझंय!

बरं, गोळ्यांचं सोवळं-ओवळं ऐका. हात लावायचा न्हाई, चार गोळ्या झाकणातून थेट जिभेवर. कांदा न्हाई, लसूण न्हाई, आन् उग्र वासापासून लांब. कुरुंद्यात! हळदीच्या मोसमात! जिथं तिथं हळद शिजून राहिली, माणसाच्या सदऱ्याला वास, म्हशीला वास, नोटंला वास, आन् मी हातात इतकुशी बाटली घेऊन घरभर बिनवासाची जागा हुडकून राहिलो. शेवटी सापडली. देव्हाऱ्यात ठेवली तर कापूर, म्हणून फ्रिजच्या मागं.

तिथं ती आरोहीला सापडली. गोड साबुदाणा! सगळी बाटली खाल्ली पोरीनं, एका दमात, आन् रिकामी बाटली मला आणून दाखवली. डॉक्टरला फोन लावला, बोबडी वळलेली, साहेब, पोरगी... सगळी बाटली... तर तो निवांत हसला. म्हणला, काही होत नाही, कितीही खाल्ल्या तरी एकच डोस धरायचा. माझा जीव भांड्यात पडला. आन् फोन ठेवल्यावर भांड्यातून परत वर आला. काही होत न्हाई? अख्ख्या बाटलीनं काही होत न्हाई, मंग चार गोळ्यांनी काय व्हतं? मायला इचारलं तर म्हणली, तुला काय कळतं, तू काय डॉक्टर हायस का? न्हाई माय. पण लेकरू...

आन् मंग पॉलिश सुरू झालं. शिजवलेली हळद वाळली की फिरत्या ड्रमात घालतेत, वरचं साल निघतं, हळकुंड चकाकतं. चाँद पाशा मशीन घेऊन आमच्याच अंगणात आला. धूळ अशी उडती की लिंबावरचा कावळा बी पिवळा! आन् आरोही ओट्यावर अभ्यासाला बसलेली. खोकला लागला. शिट्टी लागली. आन् माझी माय? माझी माय खूष! शेजारी जाऊन सांगून आली, लागू पडलं गं बाई. शेजारची धुरपताबाई आली, बघून गेली. म्हणली, हो, चांगलंच लागू पडलंय.

मी पोरीकडं बघून राहिलो. पप्पा म्हणायला दोन दम. पाणी म्हणायला आणखी दोन. बरगड्यांमधली कातडी आत ओढून राहिली, ओठ काळसर. माय म्हणली, थांब, आता उतरंल. आन् मी थांबलो, तुमाला सांगतो, थांबलो मी, कारण वाढलं म्हणजे लागू पडलं म्हणून त्या भल्या माणसानं सांगितलं व्हतं ना! तेवढ्यात पुनम कपाटातून पंप घेऊन आली, पोरीच्या तोंडाला लावला, दाबला, आन् माझ्याकडं न बघता म्हणली, "गाडी काढा."

बस्स. दोनच शब्द. चाँद पाशानं मशीन बंद करून फाटक उघडलं, आन् मी निघालो. मी पुढं, मधी लेकरू, मागं पुनम. रस्ताभर शिट्टी माझ्या पाठीत घुसून राहिली. आन् अर्ध्या रस्त्यात शिट्टी बंद झाली. तुमी म्हणसाल, बरं झालं. आहो, ज्या शिट्टीला मी इतके दिस शिव्या घातल्या, ती ऐकू यावी म्हणून मी देवाला हात जोडले, हँडल सोडून! मागं वळून बघायची हिंमत न्हाई. पुनम म्हणली, श्वास हाय, चला, बघू नका मागं.

डॉक्टरीणबाईनं मास्क लावला, वाफेचं मशीन लावलं, सुई टोचली. हवा आत जायला लागली, आन् हळूहळू शिट्टी परत आली. मी रडायलाच लागलो, सिस्टरला वाटलं वाईट बातमी हाय. मंग रंग आला, खांदे खाली आले, आन् पोरगी म्हणली, पप्पा, माझी वही ओट्यावरच राहिली.

बाईनं नाकात बॅटरी मारली. म्हणल्या, हे पिवळं काय आहे? मी छाती फुगवून सांगितलं, हळद, मॅडम, घरची! त्यांनी बॅटरी बंद केली. म्हणल्या, पॉलिश घराजवळ चालतं? आता काय सांगू तुमाला! जखमेला हळद, नवरीला हळद, देवाला हळद, आन् त्या धुळीत बसवून आमी पोरीला दमा जावा म्हणून हळदीचंच दूध पाजून राहिलो! कुरुंद्यात माणूस शेजाऱ्यावर शक घेईल, भावावर घेईल, हळदीवर कसा घेईल? बाई म्हणल्या, दुधात घालायची ती वेगळी, फुप्फुसात जाणारी धूळ वेगळी. पंप रोज, आन् पॉलिशपासून लांब. मी दबकत इचारलं, आन् त्या गोळ्या? त्या म्हणल्या, "अभ्यासात तपासून बघितलं तेव्हा त्या गोळ्यांनी दमा बरा झाल्याचं काही दिसलेलं नाही. खायच्या तर खा. पण पंप बंद केला तर पुढच्या वेळी इथपर्यंत पोचाल का, ते मी सांगू शकत नाही."

त्या वाक्याला मी अजून झोपेत दचकतो.

पुनमला आन् पोरीला कनेरगाव नाक्याला, पुनमच्या माहेरी ठेवलं. तिच्या माहेरी सोयाबीन, हळद न्हाई. रोज पंप. पॉलिश संपलं तशी पोरगी परत आली ती पळतच. आन् माय ओट्यावरून म्हणती, बघ! आधी वाढलं, मंग गेलं, डॉक्टर बोलला तसंच बराबर झालं! मी म्हणलं, माय, ते पंपानं. तर म्हणती, पंप तर घरात आधीपासून होता, तवा काहून गेलं न्हाई? माय, तो कपाटात होता! साड्यांच्या मागं! तर पदर सावरून म्हणती, मंग मी कुठं न्हाई म्हणते, ते बी दे, हे बी दे. आन् हळूच, दुसरीकडं बघून, म्हणली, "पंप देव्हाऱ्यापाशी ठेव, हाताशी राहील." तिची बी नातच हाय.

आता दमा उतरला, पण माझं काय? रात्री पोरीच्या नाकाखाली बोट धरून बसतो. शाळेत दिवसाला दोनदा फोन. मास्तर म्हणतेत, वैजनाथराव, वर्ग चालू हाय. शेवटी मायनं मलाच प्रज्ञेश डॉक्टरकडं नेलं. म्हणली, ह्याला काळजीचा रोग हाय. त्यानं मला बी तेच इचारलं, डावी कूस, मीठ, अंधार... आन् चार चार गोळ्या दिल्या. मी घेतो, गुमान घेतो. परवा त्याचा फोन आला, काही फरक?

म्हणलं, साहेब, लय फरक हाय. पोरीचा पंप चालू हाय तवर.