इंजिनावरचं झाकण

लेक: आधी ते झाकण कुठे ठेवलंय ते सांगा, मग बाकीचं बोलू.

वडील: कसलं झाकण?

लेक: इंजिनावरचं, बाबा. काळं, प्लास्टिकचं. मिस्त्रींनी आत्ता बॉनेट उघडलं तर आत सगळं उघडंबोडकं. गाडी माझी, आणि मलाच पत्ता नाही.

वडील: फेकलं नाहीये काही. डिकीत आहे, तुझ्या ठकूच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून. तिच्या आजीनं तिलाही इतकं जपून गुंडाळलं नसेल.

मिस्त्री: काढलंत कशाला पण काका? चांगलं होतं की.

वडील: अरे, नुसता दिखावा तो. खाली स्पंज लावलेला, इंजिनाच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखा. मी जन्मभर बस चालवली. आमचं इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायचं. त्याचा सूर बदलला की हात आपोआप गियरवर. ही गाडी सूरच लावत नाही, गियर कशावर टाकायचा?

लेक: रविवारी मीही हीच गाडी घेऊन जाते. मला तर सगळं ऐकू येतं.

वडील: तू गाणी लावून जातेस. तुला काय ऐकू येतं ते मला ठाऊक आहे.

लेक: मिस्त्री, सांगा ना. मघाशी मला सांगितलंत ते त्यांच्यासमोर सांगा.

मिस्त्री: मी काय सांगणार ताई, तुम्ही घरचे घरात बघा...

लेक: सांगा.

मिस्त्री: म्हणजे कसंय काका, झाकण नसलं तरी गाडी पळते. आवाज वाढतो, धूळ बसते, एवढंच. पण क्लचप्लेट पार जळलीय. गाडी चौथ्या गियरला यायला पाहिजे तिथं कुणीतरी दुसऱ्यातच, अर्धा क्लच दाबून ओढतंय. रोज. इंजिन बोंबलत असणार तेव्हा.

वडील: कुणीतरी म्हणजे मीच की. घाबरतोस कशाला?

मिस्त्री: तुम्हाला... कळलं नाही?

वडील: काय?

मिस्त्री: म्हटलं, तेव्हा कळलं नाही का तुम्हाला?

वडील: झाकणामुळे नाही कळलं. म्हणून तर काढलं ना ते.

लेक: बाबा, दिवाळखोर एकेक वस्तू विकायला काढतो तसं चाललंय तुमचं. आधी झाकण, मग बॉनेटखालचं जाड कापड फाडलंत. उद्या काय, काचा काढणार? गाडीत काही बिघडलेलं नाहीये. कान तपासून घ्या म्हणून मी किती वेळा म्हटलं तुम्हाला.

वडील: कानाला काय धाड भरलीय? तुझं बोलणं ऐकतोय ना आत्ता? नको इतकं ऐकतोय.

लेक: मी ओरडून बोलतेय. घरात आम्ही सगळेच ओरडून बोलतो, तुमच्या लक्षात तरी आलंय का?

वडील: तू लहानपणापासून ओरडूनच बोलतेस.

लेक: थट्टा नको. ठकूचं ऐका. काल ती बाहुलीला पाठीमागे बसवून शिकवत होती. म्हणत होती, मागून हॉर्न वाजला की आजोबांच्या खांद्यावर एक थाप मारायची. सायरन वाजला की दोन. बोलायचं नाही, आजोबा चिडतात.

वडील: खेळ आहे तो आमचा.

लेक: सहा वर्षांचं पोर आहे ते. मागच्या सीटवर बसून तुमच्या वतीनं रस्ता ऐकतंय. आणि ज्या दिवशी तिला डुलकी लागेल त्या दिवशी काय?

वडील: माझ्या हातून आजवर कुणाला ओरखडाही आलेला नाही.

लेक: माहितीय मला. म्हणूनच आज बोलतेय. बाबा, उद्यापासून शाळेत तिला मी सोडणार.

वडील: म्हणजे चावी काढून घेणार माझ्याकडून. मिस्त्रीसमोर.

लेक: तसं नाही हो.

वडील: तसंच आहे. दिवसभरात मला दुसरं काय काम आहे गं? तिला सोडायचं, तिला आणायचं. मधला वेळ मी नुसता घड्याळाकडे बघतो.

लेक: मला कळत नाही का ते? माझा जीव तुटतो हे बोलताना.

वडील: मग एक कर. बसव रे मिस्त्री ते झाकण. चांगलं दाबून बसव, चारी रबरांवर. मी तिकडे खांबापाशी पाठ करून उभा राहतो, नाहीतर म्हणाल चेहरे बघून बोललो. गाडी चालू कर. चालू झाली की मी हात वर करतो. केला तर उद्या ठकूला मी सोडणार, आणि कानाचं नाव कुणी काढायचं नाही.

लेक: आणि नाही केला तर?

वडील: करणार. लाव रे.

(मिस्त्री झाकण बसवतो. वडील खांबाकडे तोंड करून उभे राहतात. मिस्त्री आत बसून बटण दाबतो.)

मिस्त्री: ताई... झाली चालू.

लेक: हो.

मिस्त्री: थोडी रेस देऊ का? थोडीशीच. म्हातारा माणूस आहे हो.

लेक: नको.

मिस्त्री: या बंद जागेत एवढा आवाज आहे. जरा दाबली तर कदाचित...

लेक: नको म्हटलं ना. रस्त्यावर त्यांच्यासाठी कुणी रेस देणार नाहीये.

वडील: अरे, बटण सापडत नाहीये का? क्लच दाब आधी, मग बटण. एवढी गॅरेजं पालथी घातलीस आणि हे शिकवायला लागतंय.

मिस्त्री: मला नाही बघवत, ताई. तुम्ही जा त्यांच्याकडे.

वडील: लाव ना लवकर. पाय दुखायला लागले माझे. अगं, तू तरी सांग त्याला.

लेक: बाबा.

वडील: अशी खांद्याला हात काय लावतेस? लावू दे त्याला आधी.

लेक: बाबा, इकडे वळा. माझ्याकडे बघा.

वडील: रडतेस कशाला? काय झालं?... चालू आहे?

लेक: हो.

वडील: केव्हापासून?

लेक: तुम्ही पाठ फिरवलीत, तेव्हापासून.

वडील: थांब. हात लावून बघू दे.

मिस्त्री: जपून काका, पट्टा फिरतोय.

वडील: थरथरतंय खरं. चांगलं चाललंय. कुठे अडकत नाही... बंद कर रे. उगाच पेट्रोल जाळू नकोस.

लेक: आपण डॉक्टरांकडे जाऊ. मशीन मिळतं, लहानसं असतं. दिसतसुद्धा नाही. मग परत तुम्हीच...

वडील: बघू ते. ही घे चावी.

लेक: ठकूला मी सांगू का?

वडील: नको, मीच सांगतो. तू फक्त शेजारी बस. ती काय म्हणाली, ते मला मोठ्यांदा सांग.