हातदिव्याच्या काचेबाबत

जबाब देणार: रेल्वेच्या जुन्या वस्तूंच्या भांडारातील मदतनिसाची पत्नी, वय ६३ वर्षे, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार मालधक्क्यामागे, तळमजला.

भांडारातून हातदिवा गेल्याच्या तक्रारीवरून मला विचारल्याने समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी पतीसह राहण्यास आहे. पती रेल्वेतून निवृत्त असून भांडारात प्रदर्शनासाठी जुन्या वस्तूंची यादी करण्याच्या कामाला जातात. त्यांना बारीक दिसत नाही. घरचा जमाखर्च मी लिहीत असल्याने माझे अक्षर नीट आहे, म्हणून वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहायला मीही जाते. त्याचे काही घेत नाही. देवाच्या दयेने भागते.

आजवर शिट्ट्या, घंटा, आत पाखराचे घरटे असलेली गार्डची टोपी आणि कोणा स्टेशनमास्तरांची कवळी अशा वस्तू निघाल्या. कवळीची चिठ्ठी लिहिताना भांडारातला फिटर, ज्याला सगळे पक्कड म्हणतात, मला म्हणाला, "काकू, मालक हसत होता की चिडला होता तेही लिहा." हे तक्रारीशी संबंधित नाही.

मागील सोमवारी तोंड शिवलेले एक पोते निघाले. त्यावर जुन्या अपघाताच्या चौकशीची लाखेची मोहोर होती. मोहोर शाबूत होती, म्हणजे पोते कोणी उघडलेच नव्हते. आत चेपलेला हातदिवा होता. अशा दिव्याची वरची टोपी फिरवली की पुढे पांढरी, हिरवी किंवा लाल काच येते. या दिव्याची टोपी चेपून घट्ट बसली होती. मुठीला निळ्या फडक्याची चिंधी गुंडाळून टाके घातलेले होते.

माझे सासरे सांधेवाले, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाडीला दिवा दाखवणारे होते. ते त्याच अपघातात वारले. त्यांनी हिरवा दिवा दाखवला म्हणून गाडी उभ्या मालगाडीवर गेली, असा निकाल झाला. पती तेव्हा सात वर्षांचे होते. रेल्वेचे घर सोडावे लागले. सासूबाई शेवटपर्यंत सांगत, "मूठ भाजते म्हणून चिंधी मीच शिवून दिली होती आणि दिवा लाल होता, मी दारातून पाहिला." चौकशीत त्यांना कोणी विचारले नाही. पती म्हणत, "आई, पुरे कर आता." मी त्या वेळी भांडी आवरत असे.

पोत्यातला दिवा पाहून मी पतींना म्हणाले, "अहो, लाल आहे." ते म्हणाले, "दिसतंय मला." त्यानंतर ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

मी चिठ्ठीवर 'काच लाल, फिरत नाही' असे लिहिले. पतींनी भांडाराच्या साहेबांना सर्व हकीकत सांगितली. साहेब माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, "काका, मला समजतंय. पण साठ वर्षांपूर्वीचं आता कोण उकरणार?" दिवा प्रदर्शनाच्या दाराशी टांगायचा असल्याने त्यांनी पक्कडला टोपी सोडवून हिरवी काच पुढे आणायला सांगितले. पती म्हणाले, "साहेब, तेवढं नका करू." साहेब म्हणाले, "अहो, लोकांना आत बोलवायचंय, दारातच अडवायचं नाहीये." पक्कड म्हणाला, "आज तेल सोडून ठेवतो, उद्या फिरेल."

त्याच संध्याकाळी निघताना मी दिवा उचलून माझ्या पिशवीत भाजीखाली ठेवला. पती पुढे चालत होते. त्यांना मी सांगितले नाही. दिवा घरी देवांच्या कोनाड्यात, सासूबाईंच्या फोटोला लागून आहे. पुढे पडदा आहे. देवाचे मीच करते. पती त्या कोनाड्याकडे जात नाहीत.

आज सकाळी शिपाई घरी आले तेव्हा पतींनी "मीच घेतला" असे सांगितले. ते खरे नाही. दिवा कोठे आहे हे त्यांना विचारून पाहावे, सांगता येणार नाही. ते बाहेर बाकावर बसून आहेत. त्यांची सकाळची गोळी राहिली आहे. मी आत येताना मला म्हणाले, "तू घरी जा. दूध गॅसवर राहिलं असेल." मी म्हणाले, "दूध उतरवलंय. तुम्ही आता काही बोलू नका."

हवालदारांनी मला सांगितले, "बाई, दिवा आणून द्या, इथल्या इथे मिटवून टाकू." मला मिटवायचे नाही. दुसऱ्याची वस्तू मी घरात ठेवणार नाही, दिवा परत देणार आहे. न विचारता घेतला म्हणून जो गुन्हा होत असेल तो माझ्या नावावर घ्यावा. मात्र दिवा मी आणून देणार नाही. आपण घरी येऊन पंचांसमक्ष पंचनामा करावा आणि टोपीला कोणाचा हात लागण्याआधी पुढे कोणती काच आहे ते लिहावे. त्या वेळी माझ्या पतींना कोनाड्यापाशी उभे करावे. पडदा त्यांना सारू द्यावा.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'रंगीत काच' असे लिहिले गेले होते. ते माझ्यासमोर खोडून 'लाल काच' असे केले. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.