कड्याची वाळू

जावेविरुद्धची तक्रार हातात घेऊन शिंपीणबाई कचेरीच्या रांगेत उभ्या होत्या. रांग हलायचं नाव घेत नव्हती. पुढे दोन म्हातारे भाऊ होते. थोरल्यानं धाकट्याचा दंड धरला होता.

“वाच बघू, काय लिहिलंस?”

“‘धाकट्या भावाने कड्याखाली दगडी भिंत घातली, त्यामुळे माझा किनारा झिजला.’”

“झिजला कसला? समुद्र विहिरीला टेकलाय!”

“दादा, भिंत घातली नसती तर माझं घर कड्यासकट खाली गेलं असतं.”

“मी कुठे नाही म्हणतोय? पण लाटा तुझा कडा फोडायच्या, त्याचीच वाळू माझ्या दारात यायची. बाबा सांगून थकले, कडा आणि किनारा वेगळे करू नका.”

“वाटणी तूच मागितलीस. मऊ वाळू बघून किनारा आधी उचललास.”

“तेही लिही.”

“लिहिलंय. पण त्यानं तुझीच बाजू लंगडी पडते.”

“पडू दे.”

खिडकीतून कारकुनानं विचारलं, “तक्रार ज्याच्यावर आहे, तो हजर आहे का?”

“आहे की,” थोरला म्हणाला. “सही करताना माझा हात थरथरतो. तो धरायला त्यालाच आणलंय.”